हातभर अलीकडे थांबणारी पलटण

एका जंगलात, बाळांनो, दोन सैन्ये होती. या गोष्टीत एक हत्तीसुद्धा होता. पण हत्ती गोष्टीला परवडेना, म्हणून त्याला काढावे लागले. तेव्हा हत्ती कुठे गेला असे मध्येच कोणी विचारू नये.

पहिले सैन्य बिबट्यांचे. ते बारमाही. त्याचा मुक्काम राजवाड्याजवळच्या टेकडीवर, गर्द सावलीत असे. दुसरे सैन्य साळिंदरांचे. ही साळिंदरे एरवी आपापली कंदमुळे उकरत, आणि बाजाराच्या दिवशी, बाजार उठला की, नदीच्या वाळूत कवायत करत. म्हणून त्यांना आठवडी पलटण म्हणत.

या पलटणीचे हवालदार होते रंभाजी साळिंदर. पोट सुटलेले, एका कानाने कमी ऐकू येणारे, लढाईचा विषय निघाला की घसा खाकरून हवापाण्याचे बोलणारे. रंभाजींचा स्वतःबद्दल फारसा गैरसमज नव्हता. आठवड्यातून एक दिवस शूर असणे आपल्याला झेपते, रोजचे जमणार नाही, असे ते मोकळेपणाने सांगत.

पण पलटणीवाचून भागण्यासारखे नव्हते. उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरले की पायी ओलांडायचा उतार उघडा पडे. मग पलीकडच्या माळावरचे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, टोळीने अलीकडे येत. टेकडीवरून बिबटे खाली उतरेपर्यंत काठावरची बिळे रिकामी झालेली असत. रंभाजींची मेहुणी अशाच एका बिळात राहायची. पलटण तिच्यानंतर उभी राहिली. रंभाजींचे बीळ उतारापासून पहिलेच होते, आणि यंदा त्यात नवी पिल्ले होती.

आता साळिंदर लढते कसे, ते ठाऊक आहे ना? ते शत्रूकडे पाठ करते, काटे फुलवते आणि मागच्या मागे धावत जाऊन आदळते. म्हणजे लढताना त्याचे तोंड नेहमी घराकडे असते. कवायतीसाठी वाळूत केळीचा खुंट रोवलेला असे. सुतारपक्षी पोकळ झाडावर ठेका धरी. रंभाजी हुकूम सोडत, "पलटण, उलट फीर. मागं धाव." सगळे जाऊन खुंटावर आदळत. खुंटाची चाळण होई. मग उकडलेले कंद खाऊन जो तो घरी जाई. निम्मी पलटण कंदांसाठीच येते अशी रंभाजींची खात्री होती, कारण ते स्वतः त्या निम्म्यात होते.

त्या वर्षी सिंहमहाराजांच्या आयाळीचा महोत्सव झाला. जंगलभर कमानी उभ्या राहिल्या. महोत्सव झकास झाला आणि खजिना रिकामा झाला. मग काटकसर कुठे करायची याचा शोध सुरू झाला. बिबट्यांच्या खर्चाला हात लावायची सोय नव्हती, कारण बिबट्यांना दात होते. तेव्हा खजिनदार घोरपडबाई सरपटत नदीवर आल्या.

"हवालदार, आठवड्यातून एकदा कवायत. तिला कंद कशाला?"

"बाईसाहेब, दमत्यात पोरं."

"मग कमी दमा."

कंद गेले. पुढच्या खेपेला सुतारपक्षी गेला. रंभाजी तोंडानेच "टक टक, टक टक" करू लागले. मध्ये धाप लागली की ठेका चुके आणि अख्खी पलटण एकमेकांत घुसे.

नंतर एकदा घोरपडबाई केळीच्या खुंटापाशी बराच वेळ थबकल्या.

"हे यात काय रुतलंय?"

"काटं. आदळलं की गळत्यात."

"आणि नवे?"

"येत्यात की, पण लई दमानं."

"म्हणजे शत्रूसाठी ठेवलेला माल तुम्ही केळीवर उधळता?"

अशा बोलण्यावर रंभाजींना उत्तर नेहमी घरी गेल्यावर सुचे, आणि ते बायकोला ऐकावे लागे.

हुकूम निघाला. मागे धावायचे, पण खुंटाच्या हातभर अलीकडे थांबायचे. काटा गळता कामा नये.

पलटण शिकली. थोड्याच दिवसांत सगळी अशा सफाईने थांबू लागली की बघणाऱ्याने बघत राहावे. नाईक हैबती तर डोळे मिटून धावला तरी बरोबर हातभर अलीकडे उभा राही. घोरपडबाईंनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. शाबासकीला खर्च नव्हता.

थांबता येईना ते फक्त हवालदारांना. पोट जड, पाय आखूड. इतर सगळे उभे राहत आणि मागून रंभाजी घसरत येऊन खुंटावर धडकत. घोरपडबाई म्हणाल्या, "हवालदार, तुम्हीच असं केलं तर पोरांनी कुणाकडे पाहायचं?" रंभाजींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी अंगणात त्यांनी गुपचूप सराव सुरू केला. त्यांची बायको गिरजा पिल्लांना घेऊन बिळाच्या तोंडाशी बसे आणि बघे.

"अवो, पाय थांबत्यात तुमचं. पोट थांबत न्हाई."

"त्यालाच शिकवतुया."

"आन् खरा कोळसुंदा आला म्हंजे? त्याच्याबी अलीकडंच हुबं ऱ्हानार का?"

"तवा कोन थांबतंय," रंभाजी म्हणाले. त्यांना ते अगदी मनापासून खरे वाटत होते.

उन्हाळा चढला. उतारावर गुडघाभरसुद्धा पाणी उरले नाही. एके सकाळी पलीकडच्या काठावर शीळ वाजली. कोळसुंदे एकमेकांना शीळ घालून बोलावतात. तिला उत्तर म्हणून दुसरी शीळ आली, मग तिसरी, आणि बघता बघता टोळी पाण्यात उतरली.

घसा खाकरून हवापाण्याचे बोलावे असे रंभाजींना फार वाटले, पण ऐकायला कोळसुंदेच होते. त्यांनी पलटण उभी केली. "उलट फीर." सगळ्यांची तोंडे घराकडे झाली. समोर बिळाच्या तोंडाशी गिरजा पिल्लांना पोटाखाली घेऊन बसलेली दिसत होती. "मागं धाव."

पलटण धावली. काटे फुलले, वाळू उडाली. कोळसुंदे दचकून जागच्या जागी उभे राहिले. आणि पलटण त्यांच्या बरोबर हातभर अलीकडे थांबली.

सगळी एका ओळीत, एकही काटा न गळता. हैबतीने डोळे मिटले होते. आपण थांबलो आहोत हे त्याला स्वतःलाही जरा उशिराच कळले. मनातून सगळ्यांना पुढे जायचे होते, पण पायांना जे शिकवले होते तेच पायांनी केले.

कोळसुंदे एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांचा म्होरक्या हसला. दोन साळिंदरांच्या मधून वाट काढावी म्हणून त्याने नाक खाली घातले.

रंभाजी तेवढ्यात येऊन पोचले. ते नेहमीप्रमाणे मागे पडले होते. आणि बाळांनो, तुम्हाला खोटे सांगत नाही, त्यांनीही थांबायचाच प्रयत्न केला. हुकूम आठवला, घोरपडबाई आठवल्या, त्यांनी चारही पाय वाळूत रोवले. पण उतार निसरडा होता आणि पोट कधीच शिकले नव्हते. ते घसरत गेले आणि सगळ्या भारानिशी म्होरक्याच्या नाकावर बसले.

म्होरक्या जो केकाटला, तो माळ ओलांडेपर्यंत केकाटत होता. टोळी त्याच्यामागे पळाली. गिरजाने पिल्लांना बाहेर सोडले. पलटणीने रंभाजींना उचलून घ्यायचे ठरवले, पण ते काट्यांमुळे कोणालाच जमले नाही.

दरबारात बोलावणे आले. यावेळी रंभाजी उत्तर घरूनच तयार करून गेले. खुंटावर आदळायची मुभा परत मागायची, सुतारपक्षी परत मागायचा, जमले तर कंदांचेही काढायचे.

"उतार कोणी राखला?" घोरपडबाईंनी विचारले.

"मी, बाईसाहेब. म्हंजे, खरं सांगायचं तर मीबी थांबायलाच गेल्तो..."

"एकट्याने?"

"व्हय. पन..."

"आणि बाकीचे काय करत होते?"

"हातभर अलीकडं हुबे हुते. हुकूमच तसा हुता."

"हुकूम उत्तम पाळला," घोरपडबाई महाराजांकडे वळून म्हणाल्या. "पण उतार राखायला एक साळिंदर पुरतं, हेही सिद्ध झालं."

महाराजांनी आयाळ हलवली. पलटणीला मानाने घरी पाठवण्यात आले. रंभाजी तेवढे राहिले. म्होरक्याच्या नाकात गेलेले काटे सरकारी होते, ते सवडीने परत आणावेत, अशी त्यांना तोंडी समज मिळाली. घरी तयार केलेले उत्तर रंभाजी घरीच परत घेऊन आले आणि गिरजाला ऐकवले. तिला ते पटले. तिला पटून उपयोग नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा ओसरले. पाठीवर नवे काटे पुरते आले नव्हते. रंभाजी उतारावर गेले, ओळीत एकटेच उभे राहिले आणि स्वतःलाच म्हणाले, "पलटण, उलट फीर." पलटण फिरली.

समोरून गिरजा आली. पिल्ले आता मोठी झाली होती. तीही मागून आली. नदीकडे पाठ करून ती सगळी त्यांच्याशेजारी उभी राहिली.

"तू कशाला? पलटनीत येकच जागा हाय."

"मी कुटं पलटनीत हाय? मी माज्या दारात हुबी हाय."

मग हैबती आला. मग बाजारात कंद विकणारी, हुकमावाचून कधी न हलणारी जुन्या पलटणीतली सगळीच आली. कोणी टक टक केले नाही. ओळ काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

पलीकडे शीळ वाजली. कोळसुंद्यांना दिसल्या त्या नुसत्या पाठी. ही मंडळी हातभर अलीकडे थांबतात की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. म्होरक्याच्या नाकाला तर मुळीच नव्हती. ते थोडा वेळ बसले आणि निघून गेले. रंभाजींना हुंदका आला. तो त्यांनी घसा खाकरून लपवला.

घोरपडबाई झाडामागून हे सगळे पाहत होत्या. त्या फार खूश झाल्या. इतकी सगळी साळिंदरे, आणि सगळी फुकट.

दुसऱ्याच दिवशी रंभाजींची जागाही रद्द झाली.

तात्पर्य : बाळांनो, आपले घर राखायचेच असेल तर जरा रडतखडत राखावे. नीट राखले, तर राखणदाराची गरजच नव्हती असे ठरते.

या गोष्टीला आणखी एक तात्पर्य होते. ते हत्तीबरोबरच गेले.