कुंभारवाड्याचा पूर आणि गणिती चिपेचा ताळा

॥ श्री ॥ विघ्नहर्त्याचे स्मरण करून, आणि जो कोणाकरिता थांबत नाही त्या काळपुरुषास दंडवत घालून, शके १९११ शुक्लनाम संवत्सरी पूरमापन दरबारी जे वर्तले ते यथामती लिहितो.

राज्यात नदी थोर, वरते अंगास धरण, आणि काठी कुंभारवाडा दोनशे उंबऱ्यांचा. धरणाचे दरवाजे उघडिले म्हणजे कुंभारवाड्यात पाणी कोठवर चढेल हे सांगावयास दरबारी दोन संगणक होते, दोन्ही जुने, एकाच घडणीचे. पूर्णांकात बहुत तरबेज, परंतु अपूर्णांक आला की अडत. मग दरबारचे प्रोग्रामर त्र्यंबकराव उकिडवे यांनी नऊ वर्षे खपून ऐसा प्रोग्राम रचिला की अपूर्णांकाचा एक गुणाकार पूर्णांकाच्या शेकडो लहान पावलांनी व्हावा. उत्तर अचूक येई, आणि पुराच्या एका गणितास वेळ पाच तास लागे, आणि रावांस त्याचा अभिमान फार. मग अभियंत्या शालिनीबाई होनराव यांनी अर्ज केला की यंत्रात मुख्य चिपेशेजारी एक जागा रिकामीच आहे, तेथे गणिती चिप बसविल्यास अपूर्णांक ती एका दमात करील. सरसुभे अण्णासाहेब दळवी यांनी एका यंत्रास ती बसविली, आणि त्यावर पत्रे टंकणाऱ्या कारकुनांस विचारिले, तो ते बोलिले, "साहेब, काडीचा फरक नाही." खरेच होते, पत्रात अपूर्णांक कोठला? परंतु साहेबांचा विश्वास उडाला, आणि हुकूम जाहाला की चिपेचे उत्तर बिनचिपेच्या जुन्या यंत्राशी ताळा जुळल्याखेरीज मानू नये.

पुढे भाद्रपद शुद्ध सप्तमीस धरण काठोकाठ भरले म्हणून सकाळी नवास त्याचे सर्व दरवाजे उघडिले आणि दोन्ही यंत्रांस गणित दिले. चिपेच्या यंत्राने बारा मिनिटांत सांगितले, साडेअकरास कुंभारवाड्यात पुरुषभर पाणी. शालिनीबाई धावत सदरेवर गेल्या आणि बोलिल्या, "साहेब, माणसं हलवायला पाहिजेत. आत्ता." साहेब बोलिले, "ताळा जुळू द्या. दोनशे घरं उठवली आणि पाणी आलंच नाही, तर माझी शोभा होईल." ताळा दोनास मिळणार होता. मग त्र्यंबकराव उठले आणि बोलिले, "साहेब, जुन्या यंत्रावर चाललंय ते माझं काम आहे. तेही हेच सांगेल. पण तोवर ऐकायला कुंभारवाडा उरणार नाही. माझ्यासाठी थांबू नका." नऊ वर्षांच्या मेहनतीवर हे बोलणे रावांस किती जड गेले असेल! साहेबांनी त्यांजकडे पाहिले आणि भोंगा वाजविण्याचा हुकूम दिला.

मग माणसे निघाली, आणि गुरे निघाली, आणि म्हाताऱ्यांस खाटेसुद्धा उचलून टेकडीवर नेले, आणि साडेअकरास पाणी चढले. घरे गेली, चाके गेली, भट्ट्या गेल्या, मनुष्य एक गेले नाही. दोनास जुन्या यंत्राने कागद दिला. अंक तोच, इंचाचाही फेर नाही. त्र्यंबकरावांनी तो दोन वेळा वाचिला, "अचूक आहे," इतकेच बोलिले, आणि आपले हाते यंत्र बंद केले.

ऐसे वर्तमान घडले ते लिहिले. पत्रे टंकण्यास चिप असली नसली सारखीच, पुरास मात्र ती पाहिजे, इतके दरबारास कळले. दुसऱ्या यंत्रास चिप मिळावी म्हणून दुसरे दिवशी अर्ज गेला, त्यावर पहिली सही त्र्यंबकराव उकिडवे यांची आहे.