डावी चप्पल काढा

आमच्याकडे कुत्रं घेऊन मुक्कामाला यायचं असेल, तर गेटवर डाव्या पायातली चप्पल काढून द्यावी लागते. कुत्र्याच्या नव्हे, त्याच्या मालकाच्या. बूट असेल तर बूट, सँडल असेल तर सँडल. उजवी चालत नाही. ‘का?’ असं विचारलंत, तर गेटवर खुर्ची टाकून बसलेला, डोक्याला उपरणं गुंडाळलेला माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहील. शेवटी तुम्हीच वाकाल आणि बक्कल सोडायला लागाल.

हा माणूस म्हणजे नाना. नात्याने माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. पण एरंडोलात आणि आसपास सगळेच त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मला या माणसाचा राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, उगाच गैरसमज नको.

पद्मालयाच्या रस्त्याला त्यांचा केळीचा मळा होता. केळी काढून तिथे तंबू ठोकायचे, ही कल्पना माझ्या बहिणीची, अक्काची. शहरातली माणसं हिवाळ्यात भरीत खायला कुणाचं तरी शेत शोधत फिरतात, मग आपलंच शेत का नको, असं ती म्हणाली. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, ती लाकडी भांड्यात ठेचायची, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि पुऱ्या, आणि रात्री झोपायला तंबू. ‘नानाचा मळा, फॅमिली रिसॉर्ट’ ही पाटीही तिनेच रंगवून घेतली. पहिला हंगाम झकास गेला, आणि दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर अक्का गेली.

नाना एकटे फोन घ्यायला लागले. नाना फोनवर बोलतात म्हणजे भांडतात. म्हणून मी जळगावची नोकरी संपल्यावर, घरात बसून राहण्यापेक्षा, इथलं बुकिंग बघायला आलो. घरात बसून राहायला हवं होतं.

गेटच्या शेजारी पत्र्याचा एक मोठा फलक आहे. ‘पाळीव जनावरांबाबत नियम’ असं वर लिहिलंय. मजकूर नानांचा. पेंटरने शुद्धलेखन सुधारून दिलं, अक्कल त्याला सुधारता आली नाही. ‘जनावराचे नाव गेटवर मोठ्याने सांगावे.’ ‘कुत्र्यास बेटा म्हणणाऱ्यांनी बेट्याची घाण स्वतः उचलावी.’ ‘मांजर आणल्यास आधी मांजरीला विचारावे.’ ‘कुत्रा भुंकल्यास त्याला रागावू नये, प्रथम घरच्या माणसांनी आवाज कमी करावा.’ ‘कुत्र्यास भरीत घालू नये. मिरचीचा त्रास त्यालाच होतो, घालणाऱ्याला नाही.’ आणि शेवटी, लाल रंगात, ‘जेवणाच्या वेळी जाळ असतो, गर्दी असते. जनावरे मागच्या शेडमध्ये राहतील. मालकाची डावी चप्पल जमा करावी.’

मला वाटलं, अनामत असेल. माणूस जनावर विसरून जाऊ नये म्हणून. असेना का. पण या अनामतीने आमचं रिसॉर्ट कसं दिसायला लागलं, ते तुम्ही बघायला हवं होतं. चांगले इस्त्रीचे कपडे घातलेले लोक एका पायात बूट घालून, दुसरा पाय ढेकळांवरून उचलत, लंगडत भरिताच्या पंगतीला यायचे. एक बाई एका पायात उंच टाचेची सँडल घालून अख्खी दुपार एका बाजूला कलून चालत होत्या. त्यांच्या यजमानांनी माझी कॉलरच धरायची बाकी ठेवली. मी वैतागून जळगावहून रबरी स्लिपरा आणल्या, चांगल्या पोतंभर. नानांनी त्यातल्या फक्त डाव्या वाटल्या. उजव्यांचं पोतं अजून पंपाच्या खोलीत पडलंय. मी त्यावरून रोज अडखळतो आणि रोज शिव्या घालतो.

बरं, नुसती चप्पल देऊन सुटका नाही. गेटवर उलटतपासणी असते. जळगावच्या एका जोडप्याने स्वेटर घातलेलं पांढरं कुत्रं आणलं होतं. नाना म्हणाले, “थंडी याले वाजस का तुमले?” मग पुढचा ठरलेला प्रश्न. “याले घर कोन भाकर टाकस?” त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “मेड टाकते,” बाई म्हणाल्या. “मंग चप्पल त्या मेडनी आना,” नाना म्हणाले आणि त्यांनी गेट लावून घेतलं. मी धावत जाऊन माफी मागितली, गेट उघडलं, गाडी आत घेतली. नाना माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

नाशिकच्या एका कुटुंबाने पोपट आणला. पोपटालाही नियम लागू. त्या गृहस्थांनी बूट काढून दिला, पण जाताना इंटरनेटवर लिहून गेले, ‘मालक वेडा आहे. भरीत उत्तम.’ मी ते नानांना संतापून वाचून दाखवलं. नाना शांतपणे म्हणाले, “दोन्ही बी खरं शे.”

खरं सांगायचं तर माझा राग या चपलांपेक्षा जुना आहे. अक्काच्या तेराव्याचा. तिच्या वापरातल्या वस्तू एका गरजू बाईला द्यायचं ठरलं होतं. साड्या निघाल्या, छत्री निघाली. चप्पल मात्र एकच मिळाली, उजवी. मी ती चप्पल ओळखत होतो. निळा पट्टा तुटला होता, तो मीच जळगावच्या मोच्याकडून पांढऱ्या दोऱ्याने शिवून आणला होता. डावी कुठे गेली म्हणून मी भर उन्हात अख्खा मळा पालथा घातला. नाना बाजेवर बसून बघत होते. “कुत्रं लई गयं व्हई,” एवढंच बोलले. डोळ्यांत टिपूस नाही. उलट उठले ते मांडववाल्यावर ओरडायला, दोरीची गाठ नीट मारली नाही म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण माझी गेली, आणि हा माणूस दोरीवरून भांडतोय. दुसरी मिळाली की दोन्ही देऊ, असं म्हणून मी ती उजवी चप्पल पिशवीत कोंबली आणि जळगावला निघून गेलो. ती तेव्हापासून माझ्याच घरी, माळ्यावर आहे.

मागच्या शेडकडे मी कधी फिरकलो नाही. लहानपणी मला कुत्रं चावलंय. जनावरं आणि चपला नाना घेऊन जात, नाना आणून देत. तो त्यांचा प्रांत.

या हिवाळ्यात धुळ्याहून एक नवरा-बायको आले. सोबत म्हातारं, तपकिरी, गावठी कुत्रं. तोंडाभोवती पांढरं झालेलं. नाव बंड्या. ऑस्कर आणि कोकोंच्या गर्दीत बंड्या ऐकून नाना जरा खुलले. त्या माणसाने एका शब्दाने वाद न घालता डावा बूट काढून दिला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, “पद्मालयाला गणपतीचं दर्शन घेऊन येतो, येताना बंड्याला नेऊ.” त्यांच्या पायात गाडीतल्या दुसऱ्या चपला होत्या. मी तेव्हा चादरींवरून धोब्याशी हुज्जत घालत होतो, तिकडे नीट पाहिलं नाही. दिवस मावळला तरी ते आले नाहीत. फोन बंद. बूट इथेच, कुत्रं इथेच.

नाना संतापलेले मी पुष्कळदा पाहिलेत. पण ते ओरडतात तेव्हा काळजी नसते. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. सकाळी बूट हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “गाडी काढ, वसंता.”

बुकिंगच्या वेळी घेतलेल्या ओळखपत्रावर त्यांचा पत्ता होता. बंड्या मागच्या सीटवर, नाना त्याच्याजवळ, आणि मी पुढे, मानेवर कुत्र्याचा श्वास झेलत गाडी चालवतोय. खोटं कशाला सांगू, मलाही भयंकर राग आला होता. म्हातारं जनावर असं टाकून जातात? आम्हा दोघांचा राग एकाच दिशेला, हे आमच्या नात्यात पहिल्यांदाच घडत होतं.

धुळ्यात त्या माणसाने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. नानांनी बूट त्याच्या चहाच्या टेबलावर आपटला. कप हलले.

“हाऊ तुन्हा बूट. आन् हाऊ तुन्हा कुत्रा.”

“नाना, ऐका तरी,” तो म्हणाला. “बंड्या माझा नाही. माझ्या वडिलांचा. वडील गेले तेव्हापासून जिन्याखाली बसून असतो. खात नाही. दुपारभर रडतो. शेजारी रोज भांडायला येतात. तुमच्याकडे मोकळं रान आहे, कुत्री असतात, म्हटलं रमेल.”

“मंग सांगीसन ठेवता ना! चोरसारखा पळी कसाले गया?”

“लाज वाटली,” तो म्हणाला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

मला वाटलं, आता नाना याला सोलून काढणार. मीही दोन वाक्यं तयार ठेवली होती. पण नाना जिन्याकडे बघत होते. बंड्या तिथे जाऊन बसला होता, रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून.

“तुन्हा बूट त्याले काय कामना?” नाना हळू म्हणाले. “बापनी चप्पल कोठे शे?”

ती बाई आत गेली आणि कॉटखालून जुनी कातडी चपलांची जोडी घेऊन आली. टाकायचं धाडस झालं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटली. बंड्या उठला. इतका वेळ न हललेली त्याची शेपटी हलली. नानांनी त्यातली डावी तेवढी घेतली.

“दोन्ही घ्या ना,” तो माणूस म्हणाला.

“उजवी ऱ्हाऊ दे तुन्हाकडे,” नाना म्हणाले. “लागी कधीतरी.”

आम्ही बंड्याला घेऊन परत निघालो. आता माझा राग पुन्हा नानांवर. एवढं डिझेल जाळून, ज्याला परत द्यायला गेलो त्यालाच घेऊन परत येतोय, आणि वर एक फाटकी चप्पल. मी वाटेत बरंच बोललो. आरशात पाहिलं तर बंड्याने हनुवटी चपलेवर टेकवली होती, आणि नाना खिडकीबाहेर बघत होते.

मळ्यावर पोचेपर्यंत पाहुण्यांची जेवणं उरकत आली होती. नाना शेडकडे गेले ते परत आलेच नाहीत. भरीत गार होत होतं. मी हाका मारून दमलो, शेवटी काठी घेऊन स्वतः शेडमध्ये गेलो. पहिल्यांदाच.

आत पाहुण्यांची कुत्री बांधलेली होती. प्रत्येकाखाली पोतं, आणि प्रत्येकाच्या नाकाजवळ त्याच्या घरच्या माणसाची डावी चप्पल. एकही भुंकलं नाही. स्वेटरवालं पांढरं कुत्रं आदल्याच दिवशी पुन्हा आलेलं होतं, ते एका साध्या रबरी चपलेवर डोकं ठेवून घोरत होतं. त्याला भाकर टाकणाऱ्या बाईची असणार. बंड्या कोपऱ्यात झोपला होता. त्याच्या शेजारी बाज होती, आणि बाजेवर नाना, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. उशाशी एक चप्पल होती. निळा पट्टा, पांढऱ्या दोऱ्याची शिवण.

मी काठी खाली ठेवली. नानांनी डोळे उघडले.

“हळू बोल,” ते म्हणाले. “तो आत्तेच निजना.”

“तुम्ही सांगितलंत कुत्रं घेऊन गेलं.” माझा आवाज चिरकला. “मी उन्हात मळाभर फिरलो, नाना!”

“मंग काय सांगतू तेरावाले, बठ्ठा लोकस्ना समोर?”

“मला सांगायचं होतं! मी भाऊ आहे तिचा!”

नानांनी चपलेवरची धूळ अंगठ्याने पुसली. “जवळ ऱ्हायनी म्हंजे झोप लागस,” ते म्हणाले. मग ती परत उशाशी ठेवत, “उजवी तुन्हाकडे शे. माले माहीत शे. ऱ्हाऊ दे.”

मी बाजेच्या काठावर बसलो आणि रडलो. अक्कासाठी मी असा कधी रडलो नव्हतो, इतके दिवस नुसता चिडलेलो होतो. बंड्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला.

पुढच्या रविवारी गेटवर मीच बसलो होतो. एक तरुण गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले, मागे जीभ काढलेलं कुत्रं. फलक वाचून हसले. “हे चपलेचं काय फॅड आहे? का द्यायची?”

मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग वाकले आणि डाव्या बुटाची लेस सोडायला लागले.