लिफ्टमध्ये अडकलेली टोकदार गिटार

आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध कायमची थांबली. पण तसं काही झालेलं नाही. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष झिवोरादकाका यांच्या मते लिफ्ट व्यवस्थित चालू आहे, फक्त सध्या जात-येत नाही. तेव्हा आपणही ती चालू आहे असंच धरू आणि त्या शनिवारी दुपारी वुकाशिन तिच्यात शिरला तिथून सुरुवात करू.

वुकाशिनच्या पाठीवर गिटार होती. लालभडक, उघड्या कैचीसारखी, दोन लांब टोकदार पायांची. सगळ्या क्राल्येवो शहरात तशी दुसरी नाही. भिंतीला टेकवली की ती घसरते, मांडीवर घेतली की घसरते आणि पिशवीत घातली की पिशवी फाडून बाहेर बघते. या सगळ्या गुणांसकट वुकाशिनचा तिच्यावर जीव होता. त्या संध्याकाळी त्याचा बँड पहिल्यांदाच गॅरेज सोडून सांस्कृतिक भवनाच्या रंगमंचावर चढणार होता. तारा बदलून आणल्या होत्या, आता फक्त घरी जाऊन काळं जाकीट घालायचं होतं.

दार लागता लागता देसांकामावशी आत आल्या. त्या दिवशी त्यांच्या घराण्याच्या रक्षक संताचा सण. चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेला नक्षीचा मोठा पाव त्यांनी दोन्ही हातांवर धरला होता आणि पाचव्या मजल्यावर पाहुणे यायची वेळ झाली होती.

मोठ्या माणसांकडे पाठ करून उभं राहू नये म्हणून वुकाशिन त्यांच्याकडे तोंड करून वळला. म्हणजे गिटार दाराकडे झाली. आमच्या लिफ्टला आतून दार नाही, समोरून भिंत सरकत जाते. गिटारचा एक पाय लिफ्ट आणि भिंतीच्या मधे गेला. कर्रर्र आवाज झाला आणि सगळं थांबलं.

"काय मोडलं रे?" मावशींनी विचारलं.

"काही नाही मावशी. फक्त लिफ्ट."

"मग ठीक. मला वाटलं, पाव."

वुकाशिनने पट्ट्यातून अंग सोडवून घेतलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबल्याने वर चौथ्या आणि खाली तिसऱ्या मजल्याच्या दाराची थोडी थोडी फट उरली होती. गिटार खालच्या फटीसमोर आडवी रुतली होती, हलेना. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या.

"असली टोकं कशाला लागतात? आवाज काय टोकातून येतो?"

"नाही."

"मग?"

"गोल गिटार बघा मावशी, नेहमी माफी मागत असल्यासारखी दिसते. हिच्याकडे बघा. हिला कशाचंच वाईट वाटत नाही."

"माझ्या जावयासारखी आहे म्हण की."

मावशींचे हात पावाने भरले होते आणि खांद्यावरची पर्स घसरत होती. पर्स जमिनीवर ठेवली की घरातला पैसा निघून जातो, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. वुकाशिनने ती गिटारच्या मोकळ्या टोकाला अडकवली.

"खुंटी बरी आहे," मावशी म्हणाल्या.

एवढ्यात झिवोरादकाकांनी चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं. वरच्या फटीत त्यांच्या मिशा दिसल्या. "घाबरू नका! हवा सोडतोय!"

त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी तितक्याच चांगल्या मनाने खालचं दार उघडलं.

"वारा!" मावशी किंचाळल्या. "दोन्ही दारं उघडी! मारता का आम्हाला?"

दोन उघड्या दारांमधून वाहणारा वारा मानेत शिरतो, तिथून मूत्रपिंडात जातो आणि मग माणूस जातो. डॉक्टर हे मानत नाहीत, म्हणून आम्ही डॉक्टरांना मानत नाही. जिन्यात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, वरचं दार लावा. दुसरा म्हणाला, खालचं लावा. शेवटी दोघांनी एकमेकांचा मान राखून दोन्ही लावली, आणि आतून वुकाशिन ओरडला, "गुदमरतोय!"

दोन्ही पुन्हा उघडली. तेव्हा मावशींनी पाव त्याच्या हातात दिला, अंगातला कोट काढला आणि गिटारच्या दोन टोकांवर ताणून बसवला. फट बरोब्बर झाकली गेली.

"गोल असती तर कोट घसरला असता," मावशी म्हणाल्या. आपण गिटारची बाजू घेतली, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वरच्या फटीतून ओढून घेतो, असं झिवोरादकाका म्हणाले, पण सणाच्या कपड्यांत सरपटायला मावशींनी साफ नकार दिला. अर्ध्या तासाने लिफ्टवाला मिलोये करवत घेऊन आला.

"एक तर भिंत कापायची, नाहीतर हे टोक. भिंत नगरपालिकेची आहे."

वुकाशिनने गिटारवर हात ठेवला. पाचव्या मजल्यावर पाहुण्यांच्या पावलांचा आवाज येत होता. "कापा," तो म्हणाला. इतक्या हळू, की मिलोयेला ते ऐकू आलं नाही. बहुधा मुद्दामच.

"खबरदार!" मावशी कडाडल्या. "पोराचं रडं बघायला मी सणाचा पाव भाजला का? मी वरून निघते."

"मावशी, मघाशी तर म्हणालात, सणाच्या कपड्यांत सरपटणार नाही!"

"मघाशी करवत नव्हती."

वरची फट लहान होती आणि मावशी लहान नव्हत्या. आधी पाव गेला, मग पर्स. मग वुकाशिनने खालून ढकललं, झिवोरादकाकांनी वरून ओढलं. मोजे फाटले, अंबाडा सुटला. फरशीवर पडल्या पडल्याच मावशींनी जमलेल्या शेजाऱ्यांवरून नजर फिरवली. "जो हसेल त्याने आज जेवायला येऊ नये."

आमच्याकडे या सणाला आमंत्रण लागत नाही. कोणीही हसलं नाही.

मागोमाग वुकाशिनही त्याच फटीतून बाहेर आला, गिटार आतच राहिली, आणि संध्याकाळी त्याने उसन्या गोल गिटारवर कार्यक्रम वाजवला. ऐकणाऱ्यांना काहीच फरक कळला नाही, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

सोमवारी मिलोये भिंत तासायची परवानगी घेऊन आला. जिन्यात सगळी इमारत त्याची वाट अडवून उभी होती.

"हात लावायचा नाही," झिवोरादकाका म्हणाले. "तीस वर्षं लिफ्टच्या विहिरीतून वारा यायचा. आता लिफ्ट बुचासारखी बसलीय, आणि बूच धरून ठेवलंय गिटारने. बघा!" त्यांनी मान डावीकडे वळवली. मग उजवीकडेही वळवली. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

गिटार तिथेच राहू द्यावी यावर मतदान झालं. पहिला हात मावशींचा.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"अरे बाळा, मी तिला वाचवलं ते काय तू कुठेही घेऊन जावीस म्हणून? कोटही राहू दे तिच्यावर. थंडी आहे."

वुकाशिन आता रोज तिसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं करून तिची टोकं पुसतो, आणि कुठल्यातरी घरातून कोणीतरी ओरडतं, "दार!" गेल्या आठवड्यात त्याने मंडळाकडे रीतसर अर्ज दिला: कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळपुरती सदर गिटार अर्जदारास वाजवण्यासाठी देण्यात यावी, तेवढा वेळ इमारतीत वारा शिरू नये म्हणून अर्जदार स्वतः सदर फटीत, सदर कोट घालून, गिटारइतकेच पाय फाकवून उभा राहण्यास तयार आहे, तरी मेहेरबानी करून मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.