लॉइडचा फोन कोणी उचलायचा?

लॉइड प्रुइट बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तर त्याला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. मैदानाच्या भिंतीवर पितळेत ओतलेलं स्वतःचं तोंड, तेही सगळे दात शाबूत असल्यासारखं! न्हाव्याकडे पहिला नंबर. आणि जन्मभर 'चेंडू फेकून कोणाचं भलं झालंय?' म्हणणाऱ्या मेव्हण्यापुढे मिरवायचा कायमचा परवाना. हे सगळं मी त्याला मिळवून देणारच होतो!

आमच्या बीव्हर्स क्लबने यंदा दोन जुन्या खेळाडूंची नावं पुढे केली होती. एक पिचर लॉइड, दुसरा त्याचे चेंडू झेलून झेलून बोटं वाकडी झालेला कॅचर डच. जागा एकच! शनिवारी बारा ते दोनमध्ये निवडलेल्याच्या घरी फोन येणार, त्याने 'हो' म्हणायचं. दोनपर्यंत फोन उचलला नाही, तर मान दुसऱ्याला.

सगळी जुनी टोळी लॉइडच्या स्वयंपाकघरात जमली. डचही आला होता. "निवड तुझीच होणार रे लेका, मी फक्त खायला आलोय," म्हणाला. लॉइड मात्र बाहेर गॅरेजमध्ये, बाकावर एकटा. खेळताना तो असाच बसायचा.

बाराच्या ठोक्याला रेडिओवाला म्हणाला, "आतली बातमी! लॉइड पुढे आहे!"

"जागचं कोणी हलू नका!" मी गरजलो.

खरं तर सांगायची गरज नव्हती. पिचरचं नशीब जोरात असलं की आमच्यात त्याच्याशी कोणी बोलत नाही आणि जो जिथे आहे तिथून हलत नाही. हललात की नशीब फिरलं! लॉइडची बायको मॅक्सीन अंड्यांचं ताट धरून दारात थिजली. डचचा एक पाय खुर्चीवर, एक जमिनीवर. मी फ्रिजमध्ये वाकलो होतो. तसाच राहिलो, डोकं आत!

आणि फोन वाजला.

भिंतीवरचा फोन सगळ्यांना दिसत होता, हात कोणाचाच पोहोचत नव्हता.

"व्हर्न, उचलू का?" मॅक्सीन कुजबुजली.

"ताट हललं तर बघ!" मी फ्रिजमधून बोललो.

"अरे, पण तोच फोन असेल!"

"म्हणूनच हलायचं नाही! नशीब जोरात आहे!"

फोन थकून थांबला. पुन्हा वाजला. गॅरेजमधून लॉइडची हाक आली, "फोन वाजतोय का रे?"

आता त्याच्याशी बोलायचं कसं? आम्ही सगळे मुके! लॉइडला वाटलं, वाजत नसेल. बसला पुन्हा.

दोन वाजून गेले. माझे कान गारठून काकडीसारखे झाले. पुन्हा फोन वाजला आणि त्याच क्षणी डचच्या पायात असा गोळा आला की तो पोत्यासारखा भिंतीवर कोसळला. कोसळता कोसळता हाती लागला फोन!

"डच ना? तुमच्या घरी फोन केला, बायकोने हा नंबर दिला. अभिनंदन! लॉइड प्रुइटांच्या घरी कोणी फोनच उचलत नाही, म्हणून मान तुम्हाला!"

"अहो, पण मी लॉइडच्याच घरातून बोलतोय!"

"दोन वाजून गेले. नियम म्हणजे नियम. हो की नाही?"

डचने आमच्याकडे पाहिलं. मॅक्सीनचं ताट खाली पडलं. डच पुटपुटला, "...हो."

लॉइडला सांगायला कोणी जाईना. शेवटी सगळ्यांनी मलाच गॅरेजमध्ये ढकललं. त्याने सगळं ऐकून घेतलं, नाक शिंकरलं आणि फक्त विचारलं, "व्हर्न, तुझा फोन नंबर तोच आहे ना?"

तेव्हापासून लॉइड रोज पहाटे पाचला मला फोन करतो. पहिल्याच घंटीला मी उचलतो. तो खूश होऊन ठेवून देतो. डचला भिंत मिळाली, लॉइडला समाधान मिळालं. झोप गेली माझी. आणि माझ्या बायकोची, जी त्या शनिवारी गावातसुद्धा नव्हती!