मास्तरांचा दूधपांढरा

"मास्तर, तुमचा पांढरा पिवळा आहे," मालक म्हणाले, आणि रंगमास्तरांची सिगारेट ओठांपर्यंत पोचायच्या आत थांबली.

रंगाच्या त्या कारखान्यात अकरा वर्षं मास्तरांची नजर लागल्याशिवाय एकही डबा बाहेर पडला नव्हता. रंग जुळवायचं यंत्र होतं, पण मालकांचा भरवसा मास्तरांच्या डोळ्यांवर. डोळे गेले तर मास्तरांच्या खुर्चीवर यंत्र बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"कोण म्हणतं पिवळा?"

"डोळ्यांचा दवाखाना. भिंतींना आपला दूधपांढरा लावलाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी काढली की पेशंट भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, 'डॉक्टर, अजून पिवळंच दिसतंय.' काल दोघं चक्क रडले."

मास्तरांनी अ‍ॅश-ट्रेच्या बरोबर वर चिमट्याला लटकणारं, दर डबा ज्याच्याशी जुळवायचा ते नमुन्याचं कार्ड चिमट्यासकट काढलं आणि दूधपांढऱ्याचा एक फटकारा शेजारी मारून बघितला. तंतोतंत जुळत होता.

"पांढराच आहे!"

"डोळे तपासून घ्या," मालक हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी गेल्या गेल्या त्यांनी कार्ड दुधाच्या पातेल्याशी धरलं. दूध निळसर दिसलं. उशीचा अभ्रा निळसर, टॉवेल निळसर, मीठसुद्धा निळसर.

"हे दूध तुला कसं दिसतंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिने वास घेतला. "नासलं नाहीये."

"वास नको, रंग सांग!"

"दुधाला कसला रंग? दुधासारखं दिसतंय."

"मला सगळं निळं दिसतंय गं," म्हणत मास्तर मटकन खाली बसले.

बायको घाबरली, आणि घाबरली की ती भांडते. "दिवसाला दोन पाकिटं! धूर काय डोळ्यांना वळसा घालून जातो? कितीदा सांगितलं!"

मास्तरांनी उरलेलं पाकीट उघड्या नळाखाली धरलं. पुढचे तीन दिवस त्यांनी लवंगा चघळल्या, पेन्सिली चावल्या आणि कारण नसताना शेजाऱ्यांशी भांडण काढलं. उद्या आपल्याला बायकोचा हात धरून रस्ता ओलांडावा लागेल, या विचाराने त्यांना झोप येईना. चौथ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. जवळपास एकच दवाखाना होता, तोच. नोंदणीच्या खिडकीत त्यांनी धंदा 'कारकून' असा सांगितला.

पण सवय कुठे जाते? नंबर येईपर्यंत त्यांनी खिशातून कार्ड काढून भिंतीला लावून बघितलं. जुळलं! "पांढराच तर आहे," ते पुटपुटले.

"तुम्ही रंगाच्या कारखान्यातले ना?" मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "या, आत या. तुमचीच वाट बघत होते."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत औषध घालून, दिवे मारून, बराच वेळ तपासलं.

"डोळे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "सध्या तरी."

"मग मला सगळं निळं का दिसतं?"

"कार्ड बघू. कुठे ठेवता हे?"

"अ‍ॅश-ट्रेच्या वर."

बाईंनी कार्डाचा चिमटा काढला. चिमट्याखाली बोटभर पट्टा होता, दुधाहून पांढरा. बाकी सगळं कार्ड जुन्या दातांच्या रंगाचं; त्याच्याशेजारी कुठलंही पांढरं निळसरच दिसणार. मास्तर त्या पट्ट्याकडे बघतच राहिले. अकरा वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांना डब्यात भरून स्वतःचा धूर विकला होता.

"कागदाला धूर बाहेरून लागला," बाई म्हणाल्या, "डोळ्यांना रक्तातून लागतो. मोतीबिंदू लवकर येतो, आतला पडदा खराब होऊ शकतो. सोडलीत तर धोका हळूहळू कमी होत जातो. कधी सोडताय?"

"तीन दिवस झाले."

"मग घाबरून सोडलीत, ती आता आनंदाने सोडलेलीच ठेवा. आणि हे कार्ड मला द्या. सिगारेटवाल्या पेशंटना दाखवीन."

मास्तरांनी कार्ड दिलं, चिमटा तेवढा खिशात ठेवला. कारखान्यात नवं कार्ड आलं, दवाखान्याच्या भिंती पुन्हा रंगल्या, पेशंट हसत घरी जाऊ लागले. बायको मास्तरांना रोज दोन वेळा हुंगून बघायची आणि खूश व्हायची.

महिन्याभराने मालकांनी बोलावलं. चेहरा उतरलेला.

"मास्तर, बाकीची गिऱ्हाइकं बिथरलीयेत. म्हणतात, हा नवा पांढरा डोळ्यांत घुसतो, आम्हाला जुनाच दूधपांढरा हवा. यंत्रावर पिवळा घालून बघितला, भिंत आजारी दिसते. जुनं कार्ड?"

"डॉक्टरबाई देत नाहीत."

मालकांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि टेबलावरून सिगारेटचं कोरं पाकीट हळूच पुढे सरकवलं. "कंपनीकडून. नव्या कार्डाला तो रंग यायला किती दिवस लागतील?"

"अकरा वर्षं."

"जरा जोर लावला तर?"

पाकिटाचा वास आला. मास्तरांची बोटं आपोआप पुढे गेली आणि मग खिशात शिरली. त्यांनी चिमटा काढून पाकिटावर ठेवला.

"ओढतो की. पण याच्याखाली जेवढं कार्ड झाकलेलं होतं, तेवढंच धुरातून वाचलं. हा एका डोळ्याला झाला, डोळे दोन आहेत. दुसरा मिळाला की हाक मारा."

मालक खरोखरच ड्रॉवर उघडून दुसरा चिमटा शोधू लागले. त्यांना तो सापडेपर्यंत मास्तर जिना उतरून बाहेर उन्हात पोचले होते, आणि खिशातली लवंग शोधत होते.