तबकडीवरचा जप

"बाबांना एकदा ऐकू दे. मग तेच म्हणतील, एकही तबकडी हलवायची नाही," असं मुकुलने बायकोला, वैदेहीला, छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या तीनशे बारा, आणि सगळ्या एकाच जातीच्या. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी गोऱ्या मंडळींनी सतारीला ड्रम बांधून आणि तबल्याला विजेची गिटार चिकटवून काढलेल्या. वैदेही कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, मोजकंच बोलायची. तिच्या मते ते संगीत म्हणजे अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन वराती! त्या तबकड्यांनी फ्लॅटची मागची खोली व्यापली होती आणि ती खोली आता तिच्या वडिलांना हवी होती. काशीतल्या ब्रह्माघाटावर राहणाऱ्या बिंदुमाधवशास्त्र्यांच्या गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्यांशी असहकार पुकारला होता, त्यामुळे सोमवारपासून ते लेकीकडेच राहणार होते. तबकड्या कबाडीवाल्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. वैदेहीने सवलत दिली ती एवढीच, की बाबा स्वतः 'असू देत' म्हणाले तर भिंतीला उंच फळ्या मारून घेऊ.

रविवारी शास्त्रीबुवा खोली बघायला आले. सोबत त्यांचे सहाध्यायी विष्णुशास्त्री. मुकुलने आपला हुकमाचा पत्ता काढून ठेवला होता. मुन्शी घाटाजवळच्या एका जुन्या लॉजच्या माळ्यावर मिळालेली तबकडी. वेष्टनावर शेषशायी भगवान, आणि नाभीतून कमळाऐवजी सॅक्सोफोन उगवलेला. वेष्टन त्याने शहाणपणाने उशीखाली सारलं आणि गाण्यात मंत्र येतो तिथेच अलगद सुई टेकवली. कोण्या अनाम काशीकराने त्या मंडळींसाठी खणखणीत आवाजात म्हटलेली विष्णूची नावं होती ती.

पहिलं नाव आलं. त्यामागून सॅक्सोफोनचा एक हुंकार. मग पुन्हा तेच नाव, तोच हुंकार. मग पुन्हा.

सुई अडकली होती. मुकुल उठला, तोच शास्त्रीबुवांनी हात वर केला.

"जावईबापू, बसा. जप मध्ये मोडायचा नसतो."

दोघेही वैदिक डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजायला लागले होते. विष्णुशास्त्री तर रंगूनच गेले होते. आवाज तसूभर ढळत नाही, वेग तोच, आणि दरवेळी न चुकता शंख! त्या शंखवाल्याचा दम गजब आहे, असं ते पुटपुटले.

एकशे आठ झाले की थांबतील, या आशेवर मुकुलही सव्वातीन मिनिटं मोजत बसला. एकशे आठ झाले. शास्त्रीबुवांनी हात जोडले. तबकडीने एकशे नववं नाव घेतलं.

"अस्सं," शास्त्रीबुवा समाधानाने म्हणाले. "म्हणजे संकल्प सहस्राचा आहे." आणि त्यांनी मांडी बदलून घेतली.

वैदेही चहा घेऊन आली, दाराशीच थबकली, घड्याळाकडे पाहून क्षणभर ऐकत राहिली. मग ट्रे ठेवून मुकुलच्या कानाशी वाकली.

"मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या. एक नाव एक पूर्णांक आठ सेकंदांचं. एक हजार आठ व्हायला तीस मिनिटं."

"आणि त्यापुढे गेलं तर?"

"तर बाबा दहा हजारांचा संकल्प धरतील. अठरा हजार सेकंद. पाच तास," ती म्हणाली आणि गार होणारा चहा परत घेऊन गेली.

म्हणजे नेमक्या एक हजार आठव्या नावानंतर, पुढच्या नावाच्या आत, सुई उचलायला हवी होती. मुकुल गुडघ्यांवर रांगत यंत्रापाशी पोहोचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने देवाचं नाव इतक्या एकाग्रतेने मोजलं. नऊशेच्या सुमारास नाकाला खाज सुटली, ती त्याने सोसली. हजाराला त्याने बोट सुईच्या दांडीखाली सरकवलं. एक हजार सात. एक हजार आठ, हुंकार, आणि सुई वर!

दोन्ही शास्त्र्यांनी डोळे उघडले.

"एकही कमी नाही, एकही जास्त नाही," विष्णुशास्त्री भारावून म्हणाले. "आपली पोरं शंभरात तीनदा मोजणी चुकवतात."

शास्त्रीबुवांनी जावयाकडे बारा वर्षांत प्रथमच कौतुकाने पाहिलं. "जावईबापू, आम्हाला वाटलं होतं तुम्ही असलं तसलं ऐकता. हे मशीन इथेच राहू द्या, माझ्या उशाशी. ही तबकडी रोज पहाटे लावत जाऊ."

मुकुलची छाती फुगली. आता फळ्या सागवानीच घ्यायच्या, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग, पुन्हा दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या वैदेहीने ऐकावं म्हणून, त्याने विचारलं, "आणि बाकीच्या, बाबा?"

शास्त्रीबुवांनी भिंतीभर रचलेल्या थप्प्यांवरून नजर फिरवली.

"बाकीच्या कशाला? या एकीतच सहस्र होतात. आता तिला दुसरी जोड नको."

खरं काय ते सांगता आलं असतं. पण त्यासाठी दोन वेदमूर्तींना तीस मिनिटं बिघाड मोजायला बसवलं, हे कबूल करावं लागलं असतं. मुकुलने केविलवाण्या नजरेने वैदेहीकडे पाहिलं. सगळं गणित फक्त तिलाच ठाऊक होतं.

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली आणि तिने कबाडीवाल्याला फोन लावला.