पुसलेले ठिपके

तपासणीच्या आदल्या दिवशी हवालदारबाईंनी शस्त्रागारातली चाळीसच्या चाळीस पिस्तुलं घासूनपुसून ओळीत मांडली, आणि सकाळी ती बघून शस्त्रागार सांभाळणाऱ्या मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली.

"बाई, मुठीच्या बुडाला लाल ठिपके होते ना?"

"होते की. कुणी रंग सांडला होता कोण जाणे. नखं झिजली माझी, पण एक शिल्लक ठेवला नाही."

बाई बदली होऊन आल्याला चारच दिवस झाले होते. शाबासकी मिळेल म्हणून त्या उभ्याच राहिल्या. मास्तर मात्र मटकन खुर्चीत बसले.

पिस्तुलाचं मॉडेल एकच, पण पिढ्या तीन: दुसरी, तिसरी, चौथी. चौथीची स्प्रिंग आधीच्यांना चालत नाही, तेव्हा ओळखावं तर लागतंच. आणि पिढी ओळखावी तर मास्तरांनीच, असं सगळं खातं वीस वर्षं म्हणत होतं. मास्तर पिस्तूल हातात घेत, गंभीरपणे उलटं करत, की उत्तर तयार. उलटं करून ते ठिपके मोजत, हे कुणाला ठाऊक? ठिपके आधीच्या मास्तरांनी दिलेले, आणि ते कधीच देवाघरी गेले. यांनी दरवर्षी बायकोचं नेलपॉलिश आणून त्यांवर एक हात फिरवला, एवढीच काय ती यांची विद्या. आठ दिवसांनी निवृत्ती होती. जन्मभरात कमावलेलं हे एवढंच नाव, आणि ते आज तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर मातीत जाणार होतं. मास्तरांना खरंच रडू येत होतं.

त्यांनी नोंदवही उघडली. पिढीच्या रकान्यात त्यांच्याच सुरेख अक्षरात चाळीस वेळा लिहिलं होतं, 'ठिपका पाहावा.'

मग स्प्रिंगवरून ओळखू म्हणून त्यांनी सहा पिस्तुलं उघडली. सहाही स्प्रिंगा एका ताटलीत ठेवल्या, आणि कुठली कशातून निघाली ते विसरले. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

साहेब आत आले. एक पिस्तूल उचललं, गंभीरपणे उलटं केलं. पुन्हा उलटं केलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग हळूच दार लोटून घेतलं.

"मास्तर, ठिपका कुठाय?"

मास्तर बघतच राहिले.

"असे काय बघताय? माझ्या खात्याच्या परीक्षेच्या दिवशी तुम्हीच कानात सांगितलं होतं. ठिपके मोजा आणि पास व्हा."

मास्तर ते साफ विसरले होते. "पुसले गेले, साहेब," ते कसेबसे म्हणाले.

दोघंही एकेक पिस्तूल उचलून उलटंपालटं करू लागले.

"साहेब, बोलू का?" कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं. "दोन ठिपकेवाल्यांची मूठ पुढून सपाट आहे. तीनवाल्यांना बोटांच्या खाचा आहेत. चारवाल्यांना खाचा आहेतच, वर मुठीचा मागचा तुकडा सुटा होतो. आणि ताटलीतल्या या दुपदरी स्प्रिंगा चौथीच्या."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. पुसताना हाताला लागलं."

पाच मिनिटांत चाळीस पिस्तुलांचे तीन ढीग झाले. साहेबांनी शेरा लिहिला, 'मास्तरांचे ज्ञान वाखाणण्याजोगे,' आणि कुणाकडेही न बघता ते निघून गेले.

आठव्या दिवशी हार गळ्यात घेऊन मास्तरांनी बाईंच्या हाती किल्ल्या दिल्या. मग खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून किल्ल्यांशेजारी ठेवली.

"मला कशाला, मास्तर?"

"तुम्हाला नाही हो," मास्तर म्हणाले. "साहेब पुन्हा तपासणीला येतील ना."